भाकितांचा बाजार आणि त्याचा राखणदार

मुंबईंत पावसाळा सुरू झाला कीं आजचा शहरवासी छत्री शोधतो आणि लोकलगाडीची काळजी करतो. परंतु सुमारे १३५ वर्षांपूर्वीं याच शहराच्या व्यापारी वस्तींत पावसाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टि होती. अमुक वेळेच्या आंत पाऊस पडेल कीं नाहीं, पडला तर ठरलेलें माप भरेल इतका पडेल कीं नाहीं, यावर तेथें पैजा लागत. आणि आभाळांत ढग जसजसे दाटत किंवा विरत, तसतसा पैजेचा भाव चढे किंवा उतरे. सन १८८७ चा मुंबईचा जुगार-प्रतिबंधक कायदा या खेळास पुरा पडेना, म्हणून १८९० मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन पावसावरील सट्ट्यास बंदी झाली. कलकत्त्यासहि १८९७ मध्यें तशीच तजवीज करावी लागली.

आतां दुसरें चित्र पाहावें. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें वायद्याच्या व्यवहारास योग्य अशा जिनसांच्या यादींत हवामानाचाहि समावेश केला. आणि जून २०२५ मध्यें मुंबईंतील नॅशनल कमॉडिटी अँड डेरिव्हेटिव्हज एक्सचेंज या संस्थेनें पावसाच्या वायद्यांसाठीं भारतीय हवामान खात्याशीं करार केला. जो पाऊस १८९० मध्यें गुन्ह्याचा विषय ठरला, तोच आज प्रतिष्ठित व्यापाराचा विषय होऊं पाहत आहे. पाऊस तोच, ढग तेच, पैसाहि पैसाच. मग या दोन व्यवहारांत भेद कोणता? या एका प्रश्नाच्या उत्तरांत, हल्लीं जगभर गाजत असलेल्या ‘प्रेडिक्शन मार्केट’चें, म्हणजे भाकितांच्या बाजाराचें, बरेंचसें मर्म सांपडतें.

या बाजाराचें यंत्र प्रथम समजून घेतलें पाहिजे. तें दिसतें तितकें अवघड नाहीं. समजा, एक चिठ्ठी निघाली आहे: ‘३० जूनच्या आंत अमुक घटना घडेल.’ घटना घडली तर चिठ्ठी बाळगणारास १०० रुपये मिळावयाचे. न घडली तर चिठ्ठी कवडीमोल. तिच्या जोडीस उलट अर्थाची ‘नाहीं’ची चिठ्ठीहि असते. एक गृहस्थ ‘होय’ची चिठ्ठी ६० रुपयांस घेण्यास तयार आहे आणि दुसरा ‘नाहीं’ची ४० रुपयांस, तर दोघांचे मिळून १०० रुपये झाले. बाजार चालविणारी संस्था ते अनामत राखते आणि निकाल लागतांच जिंकणाराच्या स्वाधीन करते. मधल्या काळांत या चिठ्ठ्या शेअरप्रमाणें विकतां येतात, घेतां येतात.

येथें ६० रुपये हा जो भाव, त्याचा अर्थ असा कीं, बाजाराच्या मतें ती घटना घडण्याचा संभव शेंकडा ६० आहे. ज्यास तो संभव शेंकडा ७० वाटतो, त्यास ६० रुपयांची चिठ्ठी स्वस्त वाटते. तो ती घेतो आणि मागणी वाढल्यानें भाव वर सरकतो. ज्यास तो ५० वाटतो, तो विकतो आणि भाव खालीं येतो. अशा रीतीनें नवी बातमी ज्यास प्रथम कळते, तो आपल्या खरेदी-विक्रीनें ती भावांत उतरवितो. साध्या पैजेंत पैज घेणारा बुकी स्वतः एका पक्षास उभा असतो. येथें संस्था कोणत्याच पक्षास नसते, ती आपली दलाली घेते. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा; आणि दलाली वजा केल्यावर खेळणारांच्या साऱ्या नफ्यातोट्याची बेरीज नेहमीं तोट्याचीच असते. कारखान्याच्या शेअरामागें निदान कारखाना तरी असतो. या चिठ्ठीमागें दुसऱ्या कोणाचा तरी खिसा असतो.

असें असतां विद्वान् लोकांनीं या बाजाराचें कौतुक कां करावें? त्याचें कारण असें. इंग्लंडांतील प्लिमथ येथील एका जनावरांच्या प्रदर्शनांत, कापल्यावर बैलाचें वजन किती भरेल याचा अंदाज करण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानें त्यांतील ७८७ अंदाज तपासून त्याचा वृत्तान्त १९०७ मध्यें प्रसिद्ध केला. अंदाजांच्या बरोबर मध्यावरचा आंकडा १२०७ पौंड निघाला, आणि खरें वजन भरलें १,१९८ पौंड! खाटीक, शेतकरी आणि हौशी बघे यांच्या वेगवेगळ्या चुका एकमेकींस खोडून गेल्या आणि ज्ञान तेवढें शिल्लक राहिलें. पुढें १९४५ मध्यें फ्रीडरिख हायेक या अर्थशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, समाजांतील ज्ञान एका ठिकाणीं कधींच नसतें. तें हजारों माणसांत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें असतें, आणि बाजारांतील किंमत हें तें गोळा करणारें साधन आहे. भाकितांचा बाजार म्हणजे या दोन विचारांची एकत्र केलेली परीक्षाच होय.

ही परीक्षा अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतील अध्यापकांनीं १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून घेतली. तेथील बाजारांत एका माणसास ५०० डॉलरांपेक्षां अधिक गुंतवितां येत नसत. १९८८ ते २००४ या काळांतील पांच निवडणुकींच्या वेळच्या ९६४ लोकमत-चाचण्यांशीं त्या बाजाराच्या भावाची तुलना करतां, शेंकडा ७४ वेळां बाजार प्रत्यक्ष निकालाच्या अधिक जवळ होता असें आढळलें. लहान रकमा आणि विद्येचा हेतु, अशा मर्यादेंत हा प्रयोग निःसंशय उपयुक्त ठरला.

परंतु बाजार सर्वज्ञ आहे असा निष्कर्ष मात्र यांतून काढूं नये. २०१६ मध्यें ब्रिटन युरोपीय संघांत राहील, आणि त्याच वर्षीं हिलरी क्लिंटन अध्यक्षपदीं निवडून येतील, या दोन्ही गोष्टी पैजेच्या बाजारांत अधिक संभाव्य मानल्या गेल्या होत्या. घडलें तें उलट. शेंकडा ८० संभव म्हणजे खात्री नव्हे. दहांपैकीं दोन वेळां उलट घडणें हेंहि त्या आंकड्यांतच सांगितलेलें असतें. वाचणारा तेवढें वाचीत नाहीं, आणि मग बाजारानें फसविलें म्हणून रडतो.

येथवर गणित झालें. यापुढें माणसें येतात आणि माणसांबरोबर अडचणी येतात.

पहिली अडचण निकालाची. घटना ‘घडली’ हें ठरवावयाचें कोणी? २०२५ च्या उन्हाळ्यांत पॉलिमार्केट या बाजारांत एक प्रश्न होता: युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैपूर्वीं सूट घालतील काय? जूनच्या अखेरच्या सुमारास ते नाटो परिषदेस काळ्या कोटाचा पोशाख करून आले. त्यास वृत्तपत्रांनीं सूट म्हटलें. परंतु निकाल देण्याची जी पद्धति तेथें होती, तिनें अखेर ‘नाहीं’ असा कौल दिला. या एका पोशाखाच्या प्रश्नावर कोट्यवधि डॉलरांची उलाढाल झाली होती. हरलेल्यांनीं ओरड केली, परंतु दाद मागण्यास निःपक्षपाती न्यायासन नव्हतें. ज्या बाजारांत माप करणारा कोण हेंच निश्चित नाहीं, तेथें काटा कितीहि नाजूक असला तरी उपयोग काय?

दुसरी अडचण आंतल्या बातमीची. ब्रिटनमध्यें २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक जाहीर होण्याच्या अगदीं आधीं, ती जुलैंत होईल अशी पैज पंतप्रधानांच्या एका संसदीय सहायकानें लावल्याचें उघडकीस आलें. रक्कम अवघी १०० पौंडांची, परंतु गदारोळ केवढा! पुढें एप्रिल २०२५ मध्यें या निवडणुकीच्या तारखेवरील पैजांच्या प्रकरणांत पंधरा व्यक्तींवर आरोप ठेवण्यांत आले. या बाजाराचे कांहीं समर्थक म्हणतात कीं, आंतली बातमी भावांत उतरली तर भाव अधिक खराच होईल. मग तक्रार कशाची? तक्रार अशी कीं, तो खरेपणा समोरच्या अजाण माणसाच्या पैशानें विकत घेतला जातो. शिवाय ज्याच्या हातीं राज्याचें गुपित आहे त्यास तें विकण्याची चटक लागते. ज्या दिवशीं लष्करी मोहिमेची किंवा मंत्रिमंडळाच्या निर्णयाची बातमी आधीं सट्ट्याच्या भावांत दिसूं लागेल, त्या दिवशीं राज्यकारभाराची तिजोरी फुटली असेंच समजावें.

तिसरी अडचण जाड थैलीची. २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकींत एका फ्रेंच व्यापाऱ्यानें निरनिराळ्या खात्यांवरून तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूनें लावली. त्याचा अंदाज खरा ठरला आणि तो अफाट पैसा मिळवून गेला. परंतु निकालापूर्वींचे कित्येक दिवस लोक ज्या भावास ‘जनतेचें मत’ म्हणून पाहत होते, त्यांत एका माणसाच्या थैलीचें वजन किती होतें हें कोणास ठाऊक होतें? गाल्टनच्या प्रदर्शनांत प्रत्येकाची चिठ्ठी एकच होती. येथें ज्याचा पैसा मोठा त्याचा आवाज मोठा.

चौथी अडचण सर्वांत गंभीर आहे. पाऊस कोणाच्या सट्ट्यासाठीं पडत नाहीं आणि थांबत नाहीं. परंतु माणसाच्या हातून घडणाऱ्या गोष्टी पैशासाठीं घडवितां येतात. अठराव्या शतकांत इंग्लंडांत लोक परक्या माणसाच्या आयुष्याचे विमे उतरवीत आणि तो माणूस कधीं मरतो याची वाट पाहत. अखेर १७७४ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला कीं, ज्याच्या जगण्यांत विमा घेणाराचें खरें हित गुंतलेलें नाहीं, त्याच्या आयुष्याचा विमा घेतां येणार नाहीं. तसेंच २००३ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें मध्यपूर्वेंतील राजकीय घटनांवर भाकितांचा बाजार उभारण्याची योजना आंखली. तिच्या नमुन्यांत खून आणि घातपात यांचाहि उल्लेख आहे असें दिसतांच सिनेटरांनीं हाहाकार केला आणि योजना तात्काळ रद्द झाली. मृत्यूवर चिठ्ठी निघाली कीं मृत्यूस गिऱ्हाईक मिळतें, ही गोष्ट १७७४ च्या पार्लमेंटास जशी कळली होती तशीच ती आजहि कळावयास हवी.

आतां मुख्य प्रश्न: या बाजारावर राखण करावयाची कोणी?

अमेरिकेंत हा प्रश्न आज न्यायालयांत झगडत आहे. तेथें वायदेबाजारावर देखरेख करण्यासाठीं १९७४ च्या कायद्यानें ‘कमॉडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशन’ नांवाचें मंडळ स्थापन झालें. २०१० च्या कायद्यानें या मंडळास असा अधिकार दिला कीं, दहशतवाद, खून, युद्ध, जुगार इत्यादि विषयांवरील चिठ्ठ्या लोकहिताविरुद्ध वाटल्यास त्यानें त्या नाकाराव्या. कल्शी या कंपनीस मंडळानें २०२० मध्यें बाजार म्हणून मान्यता दिली. परंतु काँग्रेसवर कोणत्या पक्षाचें वर्चस्व राहील या विषयावरील तिच्या चिठ्ठ्या २०२३ मध्यें नाकारल्या. कंपनी न्यायालयांत गेली, सप्टेंबर २०२४ मध्यें जिंकली, आणि मे २०२५ मध्यें मंडळानें आपलें अपील मागें घेतलें. पुढें कंपनीनें खेळांच्या सामन्यांवरहि चिठ्ठ्या काढल्या, तेव्हां नेव्हाडा, न्यू जर्सी इत्यादि राज्यें खवळून उठलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ही निव्वळ पैज आहे, आणि पैजेवरील नियंत्रण व कर हा राज्यांचा अधिकार. वायद्याचें नांव दिल्यानें तिचें रूप पालटत नाहीं. कंपनी म्हणते, आमच्यावर सत्ता केंद्रीय मंडळाची. २०२५ मध्यें या वादांत निरनिराळ्या न्यायालयांनीं परस्परविरोधी निकाल दिले. ब्रिटनची रीत सरळ आहे: तेथें असल्या पैजा जुगार-नियंत्रण आयोगाच्या अधिकारांत येतात आणि त्यांस पैजच म्हणतात.

हाच वाद हिंदुस्थानांत आला तर तो कोठें उभा राहील हें आपल्या राज्यघटनेंतच दिसतें. सातव्या परिशिष्टाच्या केंद्रसूचींतील ४८ वा विषय ‘शेअरबाजार व वायदेबाजार’ हा आहे. आणि राज्यसूचींतील ३४ वा विषय ‘पैजा व जुगार’ हा आहे. भाकिताची चिठ्ठी या दोन ओळींच्या मधोमध उभी आहे. १८७२ च्या करार-कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणें पैजेचा करार रद्दबातल ठरतो. आणि मुंबई राज्याच्या कायद्यासंबंधीं १९५७ मध्यें दिलेल्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जुगार हा घटनेनें ज्यास संरक्षण दिलें तशा अर्थाचा व्यापार नव्हे.

कायदा असा असूनहि मधल्या कांहीं वर्षांत ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या गोंडस नांवाखालीं क्रिकेटच्या सामन्यापासून निवडणुकीपर्यंत दहा-दहा रुपयांच्या चिठ्ठ्या मोबाईलवर विकल्या गेल्या. कित्येक तरुणांस ती गुंतवणूक वाटली. २९ एप्रिल २०२५ रोजीं सेबीनें जाहीर केलें कीं, असले व्यवहार आपल्या अधिकारकक्षेंत येत नाहींत आणि त्यांत भाग घेणारांस गुंतवणूकदार म्हणून कोणतेंहि संरक्षण नाहीं. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाईन खेळांविषयींचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यानें निषिद्ध ठरविले. असे खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यांत आहे; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाहीं, कारण कायद्यानें त्यास अपराधी न मानतां बाधित मानलें आहे.

बंदी झाली म्हणजे प्रश्न मिटला काय? मुंबईच्या इतिहासास विचारलें तर तो मान हलवील. बंदीनें सट्टा पुष्कळदां मरत नाहीं, तो गल्लींत जातो. आणि गल्लींत ना हिशेब, ना दाद, ना वयाची अट. उलट, सर्वच मोकळें सोडावें असें म्हणणारांनीं मागें सांगितलेल्या चार अडचणींस उत्तर दिलें पाहिजे. म्हणून सगळ्या चिठ्ठ्यांस एकच नियम न लावतां प्रत्येक चिठ्ठीस तीन प्रश्न विचारणें हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो.

पहिला प्रश्न: या घटनेनें ज्याचें खरोखर नुकसान होतें असा कोणी या व्यवहारांत आहे काय? पाऊस न झाला तर विदर्भांतील कापूस करणाऱ्याचें पीक जातें, अतिवृष्टि झाली तर मुंबईंतील गोदामवाल्याचा माल भिजतो. अशा माणसानें पावसाची चिठ्ठी घेतली तर तो आपला धोका दुसऱ्याच्या खांद्यावर किंमत देऊन ठेवतो. धोका आधींच होता, चिठ्ठीनें तो निर्माण केला नाहीं. गल्लींतील पावसाच्या सट्ट्यांत उलट असे. तेथें धोका पैजेनेंच जन्मास घातलेला असे. वायदा आणि जुगार यांतील भेद तो हाच. दुसरा प्रश्न: ही घटना कोणी एकटा घडवून आणूं शकेल काय, किंवा एकट्याच्या मुठींत तिची बातमी आहे काय? तिसरा प्रश्न: निकाल कोण देणार, आणि त्याचें माप आधीं लिहून ठेवलें आहे काय? पावसाचें माप हवामान खात्याचें पर्जन्यमापक देतें. त्याच्याशीं हुज्जत घालतां येत नाहीं.

या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर ती चिठ्ठी वायदेबाजाराची. तिची राखण सेबीनें करावी, कारण हिशेब तपासणें, अनामत सुरक्षित ठेवणें, आंतल्या बातमीचा गैरवापर पकडणें हीं तिचीं नेहमींचींच कामें आहेत. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असेल, म्हणजे केवळ करमणूक असेल, तर ती पैज. तिचा निवाडा पैजेच्या कायद्यानेंच व्हावा, आणि तिला गुंतवणूक म्हणून विकणें ही फसवणूक समजावी. दुसऱ्या प्रश्नांत जी चिठ्ठी नापास होईल, म्हणजे खून, युद्ध, घातपात यांवरची, तिला कोणत्याहि राखणदाराच्या हाताखालीं जागा नसावी.

निवडणुकीवरील चिठ्ठीचें काय? ती वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु मतदान पुरें होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे आंकडे प्रसिद्ध करण्यास आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ या कलमानें बंदी आहे; मग घडोघडी बदलणारा सट्ट्याचा भाव मतदाराच्या कानाशीं ओरडत राहणें त्या कायद्याच्या हेतूस धरून होईल काय? विद्यापीठानें लहान रकमेच्या मर्यादेंत, संशोधनासाठीं, निवडणूक आयोगाच्या परवानगीनें आयोवासारखा प्रयोग करावा, इतपत वाट मोकळी ठेवण्यास हरकत नसावी. त्यापलीकडे जाण्याची घाई नको.

घराघरांतून वडील माणसांनीं मात्र कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मुलाच्या मोबाईलवर भाकिताची चिठ्ठी दिसली तर त्यास रागें भरण्याऐवजीं कागद-पेन्सिल घेऊन बसवावें, आणि साधा हिशेब करावयास सांगावें: ६० रुपयांची ही चिठ्ठी जो तुला विकतो आहे, त्यास तुझ्यापेक्षां काय अधिक ठाऊक आहे? दलाली किती? दहा वेळां खेळून दलाली वजा जातां हातीं काय राहील? हा हिशेब ज्यानें एकदां स्वतः मांडला, त्यास फारशा उपदेशाची गरज पडत नाहीं.

१८९० मध्यें मुंबईच्या कायदेमंडळानें पावसावरील सट्टा बंद केला. पाऊस कांहीं बंद झाला नाहीं, आणि त्याची चिंताहि बंद झाली नाहीं. शेतकऱ्याची ती चिंता खरी होती आणि आजहि आहे. तिला आधार देणारा बाजार उभा राहत असेल तर त्याचें स्वागत करावें, आणि त्याच्या दारावर डोळस राखणदार बसवावा. परंतु त्याच दारानें जुना सट्टा नवें धोतर नेसून आंत येऊं लागला, तर त्यास ओळखण्याइतकी स्मृति या शहरास निश्चित असली पाहिजे.